गौरम्माच्या शेडमधले पाच दिवे

११ मार्च

छापलाय शनिवार, आहे सोमवार. गेल्या सालची डायरी, कोरीच्या कोरी. कोरमंगलाच्या अक्कांनी दिली. मी वायरिंगचा नकाशा बिस्किटाच्या पुड्यावर काढत होतो ते बघून. "तारखा खऱ्या आहेत, वार तेवढे खोटे. चालेल ना रे अप्पा?" म्हटलं चालेल. नववी नापासाला सगळं चालतं.

अक्का जन्मल्या बेंगळुरात, घर मराठी. "स्वल्प सरक, पंखा लागेल डोक्याला." मला हसू आलं ते त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "हस. तुमच्या खानापूर-बेळगावकडची माणसं सगळीच हसतात आमच्या मराठीला. मग जेवून जातात."

जेवून आलो. सारू-भात, वर लोणचं. येलहंक्याला खोलीवर यायला दोन बस. पाय सुजलेत.

१४ मार्च

काम अलार्मचं, पण चोराचं नाही. अक्का एकट्या. मुलगा मोहन अमेरिकेत. मागच्या शेडमध्ये गौरम्मा राहते, अंगण झाडते, दूध-भाजी बघते. ती दिवसातून चारदा दार वाजवणार, "अक्का, आहात ना?" आणि त्यावरून दोघींची भांडणं. अक्का म्हणतात, "आहे आहे म्हणून सांगायचा कंटाळा आला मला. नसेन तेव्हा कळेलच की."

म्हणून मुलाने फोनवरून तोड काढली. घरात पाच जागी सेन्सर, आम्ही फिटर लोक त्याला डोळा म्हणतो, माणूस हललं की ओळखतो. आणि गौरम्माच्या शेडमध्ये एक बोर्ड. अक्का ज्या खोलीत हलतील त्या खोलीचा दिवा लागायचा. दिवा दिसला, अक्का ठीक. दार वाजवायचं नाही.

आमच्या दुकानाचे सर हो म्हणून बसले. तयार असा बोर्ड कुठे मिळत नाही. नागराज, माझ्यावरचा फिटर, म्हणाला, "परशू, तूच बनव. तुझेच हात खाजतायत."

खाजतायत खरे. बसवत नाही एका जागी.

१७ मार्च

एस. पी. रोडवरून बारके लाल दिवे, रिले, एक प्लायवुडचा तुकडा. गौरम्माला वाचता येत नाही. मग नावांऐवजी चित्रं काढली, ऑइलपेंटने. हॉलला खुर्ची, स्वयंपाकघराला शेगडी, झोपायच्या खोलीला खाट, न्हाणीजवळच्या बोळाला बादली, मागच्या पडवीला तुळस.

गौरम्मा कानडीतच बोलते. खूप वेळ बघून म्हणाली, "ही शेळी कशाला काढलीस अण्णा?"
खाट आहे ती.
"शेळीच आहे."
अक्का दारातून हसून हसून खाली बसल्या.

पहिल्यांदा दिवा लागून पाच सेकंदांत जात होता. गौरम्मा म्हणाली, "मी भाजीला गेले आणि तेवढ्यात लागून गेला तर? दिवसभर काय शेळीकडे बघत बसू?" बरोबर होतं. मग रिलेने दिवा धरून ठेवला. एकदा लागला की लागलेला राहतो. घालवायला एक बटण. सकाळी सातला बटण दाबायचं, सगळे जातात, मग बघायचं नवे कुठले लागतात. संध्याकाळी सातला परत तसंच. नवा लागला म्हणजे अक्का आत्ता हलल्या. तीनदा सांगितलं, तिच्याकडून दाबून घेतलं. पदर बोटाला गुंडाळून दाबलं तिने. शॉक बसेल म्हणून असेल म्हटलं.

२ एप्रिल

कोरमंगला, चेकिंग. अक्का सकाळपासून मठात गेलेल्या, घराला कुलूप. आणि बोर्डावर पाचही दिवे लख्ख.

गौरम्माला म्हटलं, बटण दाबत नाहीस? तिने पदर खोचला. मग म्हणाली, पहिले चार-पाच दिवस दाबलं, आता नाही.
"का?"
"त्या खाटेवर अक्का झोपतात. तिच्या नावाचा दिवा. तो मी रोज दोनदा माझ्या हाताने घालवू?"
तो दिवा नाही, बल्ब आहे म्हटलं.
"लाल आहे, जळतो. दिवा नाही तर काय आहे? एकदा घालवलाय मी. नवरा आजारी होता, तेल वाचवायला उशाचा दिवा फुंकला. परत नाही. साकु, पुरे."
मी म्हटलं मग हा बोर्ड खोटं बोलणार.
"तर तू येऊन दाब रोज."

रागावणार होतो. पण आई आठवली. आई कधी दिव्याला फुंकर घालत नाही, फुलाने वात शांत करते आणि वर नमस्कार करते. मी स्वतः बटण दाबायला गेलो तर खाटेच्या चित्रावरून नजर काढून दाबलं. खोटं कशाला लिहू.

४ एप्रिल

डोकं चाललं. बसमध्येच चाललं.

करंट रोज जातो, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तास-तास. बोर्ड अलार्मच्या बॅटरीवर आहे म्हणून त्याला ते कळत नाही. आज बॅटरीची वायर काढली आणि बोर्डाला भिंतीतल्या प्लगवर एलिमिनेटर लावून दिला, रेडिओला लावतात तसला. आता करंट गेला की दिवे आपोआप जातात. आला की पाटी कोरी. डोळे तिकडे बॅटरीवर जागेच. अक्का हलल्या की नवा दिवा. कुणी हाताने घालवायचा प्रश्नच नाही.

गौरम्माला सांगितलं, बटण विसर. करंटच घालवतो. तिने बोर्डाला हात जोडले. आणि मग मला.

नागराजला सांगितलं. म्हणाला, "भारी डोकं. सरांना सांगू नको, बॅटरीशिवाय सामान लावलं म्हणून ओरडतील." सर्व्हिसच्या कागदावर 'सप्लाय: बॅटरी' पुढे टिक करायची असते. केली. खाली सही.

२६ मे

गावाकडच्या बाळूचं पत्र, भोसरीहून. कारखान्यात जागा आहे, लगेच ये. दोन वर्षांत कोल्हापूरचं गॅरेज, बेळगावचा छापखाना, हुबळीचं हॉटेल. तिन्ही ठिकाणाहून एकाला न सांगता निघालो. चौथं हे. इथे सव्वा वर्ष झालं, माझ्यासाठी पुष्कळ.

अक्कांकडे पडवीतला डोळा पुसायला गेलो होतो, पाल बसते त्याच्यावर. त्यांना सांगून टाकलं सगळं, का कोण जाणे.
"तिन्ही जागा न सांगता?"
हो.
"भांडण?"
नाही. सांगायला तोंड उघडत नाही. सकाळी उठतो आणि पाय स्टँडकडे.
थोडा वेळ शेंगा निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "इथून जाशील तेव्हा मला सांगून जा. मी अडवणार नाही. नुसतं सांग."
सरी म्हटलं, म्हणजे बरं. त्यांचाच शब्द त्यांना.

गौरम्मा मजेत. करंट गेला की शेडबाहेर येऊन पायरीवर बसते, आला की आत जाऊन बघते. म्हणते, "आधी शेगडी, मग बादली, मग तुळस. अक्काचं सगळं वेळेवर. मला आता दार वाजवल्यासारखंच वाटतं, फक्त शिव्या खाव्या लागत नाहीत."

बाळूला उत्तर लिहिलं नाही अजून.

२८ जुलै

पाऊस. तिकडे धरणं भरली म्हणून नागराज पेपर वाचून दाखवत होता, आजपासून करंट जाणार नाही. खोलीत दिवसभर पंखा. कपडे वाळले.

काहीतरी आठवायचं राहिलंय असं दिवसभर वाटत होतं. साबण आणायचा होता. आणला.

१९ ऑगस्ट

अक्का पडल्या.

सकाळी नऊला दुकानात फोन. नागराज आणि मी गेलो. त्यांना तोवर शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं होतं. बोळात पडलेल्या, बादलीजवळ. उजवी बाजू गेली. डोळे उघडे होते म्हणतात, पण बोलत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले एक दिवसाहून जास्त झालाय पडून.

गौरम्मा शेडच्या दारात बसलेली. सांगत होती, मला नाही, अंगणाला. "शनिवारी दुपारी तुळशीला पाणी घालताना बघितलं. काल सकाळी दुधाची पिशवी पडवीत ठेवली. संध्याकाळी तशीच. म्हटलं श्रावण आहे, काहीतरी धरलं असेल. आत येऊन दिवा बघितला. खाट पेटलेली. बादली पेटलेली. आज दुसरी पिशवी ठेवायला गेले तर पहिली फुगलेली. मग दार वाजवलं."

दूध बघितलं, दिवा बघितला, आणि दिव्यावर विश्वास ठेवला.

आत गेलो. पाचही लागलेले. प्लगमध्ये एलिमिनेटर, कोमट. तीन आठवडे करंट गेला नाही. तीन आठवडे एकही दिवा गेला नाही.

नागराज माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे नाही बघितलं.

२० ऑगस्ट

मोहनसाहेबांचा फोन आला होता, शुक्रवारी पोचतात. सरांना विचारलं, बोर्डाचं काय झालं. सरांनी माझा सर्व्हिसचा कागद काढून ठेवलाय. बॅटरी, टिक, सही.

सरांना सांगायचं म्हणून केबिनमध्ये गेलो. त्यांनीच आधी विचारलं, हिंदीत, "बटन का बताया था ना उसको?" हो म्हटलं. सांगितलं होतं, ते खरंच आहे. "बस. बाईने बटण दाबलं नाही. संपलं." मग मी बोललो. प्लगचं, एलिमिनेटरचं. सरांनी केबिनचं दार लावलं. मग हळूच म्हणाले, "परवा जा. बोर्ड परत बॅटरीवर घे. कागदावर जसं आहे तसं कर. तो एलिमिनेटर मला नको दिसायला."

बाहेर नागराज म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस का? तिच्यासाठीच केलंस. आता गप्प बस, ती बाई तशीही जाणारच."

जाणारच म्हणजे, शेजाऱ्यांनी तिला आत्ताच सांगितलंय. मुलगा आला की शेड रिकामी कर. डोळ्यांसमोर दिवे असून बघितलं नाही म्हणून.

तिने तर बघितलं. तेच तर.

२१ ऑगस्ट

दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर तास बसलो. नर्स म्हणाली, "नातेवाईक?" नाही म्हटलं. "मग कोण?" डायरी हातात होती.

दारातून बघितलं तेवढंच. तोंड वाकडं झालंय. केस कुणीतरी विंचरलेत, चुकीच्या बाजूला भांग.

सांगून जा म्हणाल्या होत्या. आता कोणाला सांगणार. बॅग भरून ठेवली खोलीवर. बाळूला तार केली, येतो.

२२ ऑगस्ट

आज कोरमंगलाला. सकाळचं ऊन. घराची किल्ली गौरम्माकडे. तिची बांधाबांध चाललेली, दोन पातेली, एक ट्रंक, नवऱ्याचा फोटो पेपरात गुंडाळलेला. बोर्ड तिने पोत्याने झाकून ठेवलाय. म्हटलं थोडं काम आहे. "कर," म्हणाली. वर बघितलं नाही.

पोतं काढलं. एलिमिनेटर काढून परत घातला. दिवे गेले, पाटी कोरी. आता फक्त वायर बॅटरीकडे न्यायची, पाच मिनिटांचं काम. पण आधी बॅटरी बघू म्हणून घरात गेलो. चप्पल काढून.

हॉल. स्वयंपाकघर, शेगडीवर झाकलेलं काहीतरी, वास येत होता, ते मी बाहेर टाकलं. मग अक्कांच्या खोलीत. अलार्मचं पॅनेल तिथेच, खाटेच्या वर, बॅटरी त्यातच. खाटेवर घडी घातलेलं पातळ. मी उभा होतो नुसता.

मागचं दार धाडकन वाजलं. गौरम्मा अनवाणी धावत आली, हातात दोरी तशीच. "अक्का आल्या? खाटेचा लागला. आत्ता लागला, मी बघितलं, आधी खुर्ची, मग शेगडी, मग..."

मला बघून थांबली.

तिथेच सांगितलं. सगळं. तीन आठवड्यांचं, प्लगचं, करंटचं. माझं कानडी पुरेना, हातवारे करून सांगितलं. ती खाटेच्या कडेला जमिनीवर बसली.
"म्हणजे रविवारी संध्याकाळी मी बघत होते ते काय होतं?"
जुनं होतं, म्हटलं.
"किती जुनं?"
तीन आठवडे. एकदा लागलेलं, तेच.
"मी रोज हात जोडत होते त्याला."

शिव्या देईल म्हणून थांबलो. दिल्या असत्या तर बरं होतं. ती दोरी बोटाला गुंडाळत बसली, सोडत बसली. मग विचारलं, "मी बटण दाबलं असतं तर?"
खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "तर कळलं असतं. शनिवारी संध्याकाळी, नाहीतर रविवारी सकाळी."
मान हलवली. "आणि तू सोय केली नसतीस तर मी दाबलं असतं का? नसतंच. मग भांडत भांडत दारच वाजवलं असतं."
ते मला सुचलं नव्हतं.
उठून जाताना म्हणाली, "मोहनला कोण सांगणार आहे?"

बॅटरीची वायर जोडली नाही. एलिमिनेटर आहे तिथेच. सरांना दुकानात सांगितलं, झालं काम. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

२४ ऑगस्ट

काल मोहनसाहेब आले, थेट दवाखान्यात. आज अकराला घरी बोलावलंय, बोर्ड दाखवायला. सर म्हणाले नागराज जाईल. मी म्हटलं मी जातो. सर बघत राहिले. "कागद बरोबर ठेव," एवढंच.

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर साडेनऊला उतरलो. बॅग खांद्यावर. बेळगावची गाडी समोर उभी होती, दार उघडं, कंडक्टर ओरडत होता. पायरीवर पाय ठेवला होता. ठेवला होता एवढं खरं. गाडी गेली. पुढची दोनला आहे, तेही विचारून ठेवलंय.

आता शेडमध्ये बसून लिहितोय. गौरम्माची ट्रंक दारात, माझी बॅग ट्रंकेवर. तिने चहा दिला. बोर्डावरचं पोतं काढलंय. तिनेच प्लग उपसून परत लावला, डोळे उघडे ठेवून. दिवे गेले. "बल्बच आहे," म्हणाली, माझ्याकडे न बघता.

गाडी आली फाटकात. पुढचं दार उघडल्याचा आवाज.

खुर्चीचा लागला.

बराच वेळ काही नाही. आईच्या खुर्चीजवळ उभा असेल.

शेगडी.

गौरम्मा म्हणाली, "पाणी प्यायला असेल." मग म्हणाली, "तू नाही बोललास तरी मी तुझं नाव घेणार नाही. मला काही सांगताच येणार नाही, मला कानडीच येतं आणि कानडी तो विसरलाय." आणि हसली. मला नाही हसता आलं.

खाट.

सर्व्हिसचा कागद खिशात आहे. एलिमिनेटर प्लगमध्ये आहे. दोन्ही त्याला दिसतील असं कर, म्हणजे तोंड उघडावं लागणार नाही, असं एक मन. दुसरं मन दोनच्या गाडीत बसलंय. अक्का म्हणाल्या होत्या नुसतं सांग.

बादली. तिथे थांबलाय. पाणी पडल्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. गौरम्माने पदर तोंडाला लावलाय. चारही जळतायत आणि तुळस तेवढी काळी. तुळशीनंतर अंगण, मग हे दार.

लिहीत राहिलो तर पाय स्टँडकडे जात नाहीत, म्हणून लिहितोय.

तुळशीचा लागला.